लेक कडेला उभा राहतोय, राहू द्या

ताई, नमस्कार. आम्ही मूळचे सांगलीचे. तीन वर्षांपूर्वी यांच्या नोकरीमुळे डब्लिनजवळच्या एका गावात आलो. मुलगा सहा वर्षांचा, मुलगी साडेचार. मुलाच्या वर्गातल्या मैत्रिणीच्या आईने शनिवारी सकाळी जीएए, म्हणजे इथल्या आयरिश खेळांच्या, क्लबात बोलावलं, म्हणून गेलो. तासभर लेक माझ्या पायाला बिलगून उभा. मैदानात पाऊल टाकलं नाही, शेवटी रडायलाच लागला. हे म्हणतात, आपल्याला काय करायचेत ते खेळ, क्रिकेटला घालू. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर पोरांच्या हातातल्या लाकडी काठ्या पाहिल्या आणि घाबरूनच गेल्या. त्यात शनिवारी दहालाच मराठीचा वर्ग असतो. आणि खरं सांगायचं तर 2025 च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर जे हल्ले झाले, त्यानंतर अनोळखी माणसांत पोरांना घेऊन जायला माझंच मन धजत नाही. मी शाळेत खो-खो खेळायचे, मैदान मला आवडतं. पण हे खेळ आपले नाहीत आणि नियमही कळत नाहीत. मुलाला पुन्हा न्यावं का? आणि धाकटीचं काय करू?
— गोंधळलेली आई

तुमचं पत्र वाचलं आणि डोळ्यांसमोर आधी आला तो तुमच्या पायाला बिलगलेला लेक. त्याच्यापासूनच सुरुवात करते. बाकीच्या प्रश्नांना वाटा आहेत, पण इथे घाई केली तर ते निस्तरायला फार वेळ लागतो. मी तो वेळ घालवलेला आहे.

आम्ही आयर्लंडला आलो तेव्हा माझा मुलगा पाच वर्षांचा होता. तोही असाच उभा राहायचा. दुसऱ्या शनिवारी मी त्याची बोटं माझ्या कोटापासून सोडवली, हाताला धरून त्याला रांगेत नेऊन उभं केलं आणि म्हटलं, "बघ, सगळी खेळतायत, तुलाच काय झालंय?" प्रशिक्षकाने हळूच चेंडू त्याच्याकडे लोटला. चेंडू येऊन बुटाला लागला आणि तिथेच थांबला. त्याने खाली पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या आठवड्यापासून शुक्रवारी रात्रीच त्याचं पोट दुखायला लागायचं. मग दोन वर्षं तो त्या मैदानाकडे फिरकला नाही. आठव्या वर्षी एका मित्राबरोबर आपणहून गेला. आज तो खेळतो, पण ती दोन वर्षं मी त्याच्याकडून हिरावली, हे मला अजूनही लागतं.

म्हणून सांगते, लेकाला उभं राहू द्या. सहा वर्षांचं मूल कडेला उभं असतं तेव्हा ते काही करत नाहीये असं आपल्याला वाटतं. पण ते सगळं टिपत असतं. शिट्टी वाजली की मुलं काय करतात? कोणी पडलं तर धावत कोण येतं? शू लागली तर कुणाला सांगायचं? आणि इथल्या बोलीत भराभर ओरडून दिलेल्या सूचना दुसऱ्या मुलांना तरी कळतायत का? शाळेत बाई समोर उभ्या राहून सावकाश बोलतात. मैदानात वारा असतो, चाळीस पोरांचा गलका असतो आणि शब्द अर्धेच कानावर येतात. एवढ्याचा अंदाज घ्यायला काही मुलांना एक शनिवार पुरतो, काहींना सहा लागतात.

या शनिवारी दहा मिनिटं लवकर जा. मैदान रिकामं असताना त्याच्याबरोबर चार वेळा चेंडू लाथाडा. मोकळ्या मैदानात पाऊल टाकणं सोपं असतं. मग प्रशिक्षक शंकू मांडत असतील त्यांना लेकाचं नाव सांगा, नीट उच्चारून सांगा, आणि म्हणा की आज तो बघणार आहे, त्याला एखादं काम दिलंत तर बरं होईल. शंकू गोळा करायचे, रंगीत बनियनं वाटायची, असलं काम. कामाच्या निमित्ताने पोर कडेवरून आत येतं आणि आत आल्याचं त्याला कळतही नाही. आणि एक पथ्य पाळा. "हा काही खेळत नाही हो" हे त्याच्यादेखत कुणाला सांगू नका, घरी आल्यावर आजीला फोनवरही नको. मुलं ते वाक्य उचलतात आणि तसंच वागायला लागतात.

तुम्ही स्वतः गाडीत बसून राहू नका. थंडी असते, मोबाइल हाताशी असतो, मोह होतो. पण आपली आई या माणसांत उभी आहे, कुणाशी तरी बोलतेय, हसतेय, हे लेकाने पाहायला हवं. ही जागा बरी आहे की नाही, हे तो आधी तुमच्या चेहऱ्यावरून ठरवतो.

आता हे खेळ काय आहेत ते पाहू, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. जीएए म्हणजे गेलिक ॲथलेटिक असोसिएशन. 1 नोव्हेंबर 1884 ला टिपररी परगण्यातल्या थर्लस गावी हेजच्या हॉटेलात मूठभर माणसं जमली आणि तिची स्थापना झाली. मायकेल क्यूसॅक आणि मॉरिस डॅविन ही त्यातली दोन मुख्य नावं. इंग्रजी राज्यात इंग्रजी खेळांचा बोलबाला झाला होता, आयरिश लोकांचे जुने खेळ मागे पडत होते, त्यांना नियम आणि संघटना द्यायची हा हेतू. तुम्ही खो-खो खेळलेल्या आहात, तुम्हाला हे चटकन उमगेल. आपल्याकडे पुण्यात डेक्कन जिमखान्याने खो-खोला नियम बांधून दिले, त्यामागची कळकळ याच जातीची होती.

दोन खेळ प्रमुख. गेलिक फुटबॉलमध्ये चेंडू हातातही घेता येतो आणि लाथेनेही मारता येतो. चार पावलं पळालं की तो जमिनीवर आपटायचा किंवा पायाच्या बोटांवर टाकून परत हातात उडवायचा. याला 'सोलो' म्हणतात. दुसरा हर्लिंग, लाकडी काठीचा. त्या काठीला हर्ली म्हणतात. मुलींच्या आणि बायकांच्या हर्लिंगला कमोगी म्हणतात. दोन्हींत गोलखांब इंग्रजी एच अक्षरासारखे असतात. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे तीन गुण. वरून गेला तर एक. मोठ्यांच्या फुटबॉलमध्ये 2025 पासून लांबून मारलेल्या चेंडूला दोन गुणही मिळतात, पण त्याची तुम्हाला आत्ता गरज नाही. लहान मुलांचे प्रशिक्षक नियम फारसे सांगतच नाहीत.

कारण शनिवारचा तो तास खेळाचा कमी आणि शरीराचा जास्त असतो. इथे त्याला नर्सरीच म्हणतात, साधारण चार ते सहा-सात वर्षांची मुलं. एका पायावर उभं राहणं, उडी मारून न पडता थांबणं, धावता धावता दिशा बदलणं, धान्याच्या पुरचुंडीएवढी छोटी पिशवी फेकणं आणि झेलणं. हर्लीच्या चपट्या टोकावर चेंडू ठेवून लिंबू-चमच्याच्या शर्यतीसारखं चालणं. त्या टोकाला 'बॉस' म्हणतात. मी एकदा पाहिलं, एक चिमुरडी जीभ बाहेर काढून, श्वास रोखून चेंडू सांभाळत चालली होती. शेवटच्या शंकूपाशी चेंडू पडला. तिने इकडेतिकडे पाहिलं, उचलून परत बॉसवर ठेवला आणि एकच पाऊल टाकून ओळ पूर्ण केली. प्रशिक्षक गुडघ्यावर बसून तिच्या उंचीला आला आणि आयरिशमध्ये 'मा हू' म्हणाला. म्हणजे शाब्बास. नर्सरी ती एवढीच.

पुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'गो गेम्स' नावाची पद्धत आहे. छोटं मैदान, थोडे खेळाडू, आणि आलेल्या प्रत्येक मुलाने खेळायचं. राखीव म्हणून कुणी बाकावर बसून राहत नाही, अंतिम सामना आणि करंडक यांच्यामागे धावाधाव नाही. आपल्याकडच्या क्रिकेट शिबिरात नेट्समध्ये दोन षटकं मिळावीत म्हणून तासभर उन्हात तिष्ठणारी पोरं मी पाहिली आहेत, त्यामुळे ही पद्धत मला मनापासून पटते.

आता काठी. सासूबाईंची भीती खोटी नाही, मैदानावरचं हर्लिंग पाहिलं तर कुणाच्याही छातीत धस्स होईल. मोठ्यांचा चेंडू, त्याला स्लिटर म्हणतात, आतून बुचाचा आणि वरून चामड्याचा असतो, वजन 110 ते 120 ग्रॅम. तो हवेतच काठीने फटकावतात. पण 2010 पासून सगळ्या वयांच्या खेळाडूंना चेहऱ्यावर जाळी असलेलं हेल्मेट सक्तीचं आहे, सरावातसुद्धा. चिमुकल्यांच्या हातात छोटी, बहुधा प्लॅस्टिकची किंवा हलकी हर्ली असते आणि चेंडू मऊ. शिट्टी वाजली की काठी जमिनीवर, हा पहिला धडा. फुटबॉलला मुलांनी दातांचं कवच, माऊथगार्ड, घालायचं असतं. गरम पाण्यात मऊ करून चावून बसवायचं, औषधांच्या आणि खेळांच्या दुकानात मिळतं. लेकाचे दुधाचे दात पडायला लागले असतील, तेव्हा महागाचं घेऊ नका, काही महिन्यांत बदलावंच लागेल. सासूबाईंना हेल्मेट घातलेल्या नातवाचा फोटो पाठवा. आणि विटीदांडूची आठवण करून द्या. विटी उडवून हवेतच टोला हाणायचा, हीच तर त्या खेळातली जान. हर्लिंगचा टोला पाहिला की त्यांना तो ओळखीचा वाटेल. विटी डोळ्याला लागेल म्हणून आपल्या आज्याही ओरडायच्याच, आणि त्या काळी हेल्मेट कुठलं!

काठी विकत घ्यायची घाई नको. क्लबात देतात. घ्यायची वेळ आली तर मुलाला सरळ उभं करा, काठी शेजारी उभी धरा, वरचं टोक कमरेच्या हाडापाशी यायला हवं. पुढच्या वर्षीही चालावी म्हणून मोठी घेतली तर मनगटाला पेलत नाही आणि पकड बिघडते ती बिघडतेच.

पकडीवरून यजमानांसाठी एक गोष्ट. हर्लीवर जोरकस हात वर असतो. उजव्या हाताच्या मुलाचा उजवा हात टोकापाशी, डावा त्याखाली. आपल्या क्रिकेटच्या बॅटीवर नेमकं उलटं, उजवखोऱ्याचा डावा हात वर. त्यामुळे बाबा प्रेमाने अंगणात शिकवायला जातात आणि शनिवारी प्रशिक्षक ते मोडत बसतो. मधल्यामध्ये पोर गोंधळतं. बाबांनी घरी चेंडू फक्त टाकावा, झेलायला लावावा. तेवढ्याने खूप होतं.

क्रिकेट की हे, असा वाद तर घालूच नका. नजर आणि हात यांची जी जुळणी हर्लिंगमध्ये बसते ती क्रिकेटलाही उपयोगी पडते. लेकाला क्रिकेट आवडलं तर तेही खेळू दे, ते मुख्यतः उन्हाळ्यात असतं. पण यजमानांना एवढं विचारा, की क्रिकेटला नेलं तर तिथे कोण भेटेल? बहुधा आपल्यासारखीच भारतीय, पाकिस्तानी कुटुंबं. त्यात वाईट काहीच नाही, मलाही ती माणसं हवीशी वाटतात. पण लेकाच्या वर्गातली निम्मी मुलं शनिवारी सकाळी जीएएच्या मैदानावर असतात. सोमवारी शाळेत गप्पा त्याच्याच. तुमचा लेक त्या गप्पांच्या बाहेर राहतो.

इथला क्लब म्हणजे काय हे सांगायला मला एकच शब्द सापडतो, गणेशोत्सव मंडळ. जुन्या गावातलं, वर्गणीचं. क्लब बहुतेक ठिकाणी चर्चच्या हद्दीवर, म्हणजे गावावर किंवा पेठेवर बांधलेला असतो. माणसं पिढ्यान् पिढ्या त्याच क्लबाची. रेषा आखणारा, चहा करणारी, पोरांना शिकवणारे, कुणालाही पगार नाही. एवढंच काय, डब्लिनच्या क्रोक पार्कवर ब्याऐंशी हजार प्रेक्षकांपुढे अंतिम सामना खेळणारा खेळाडूही हौशीच असतो. सोमवारी सकाळी तो शाळेत शिकवायला नाहीतर शेतावर कामाला हजर. तुमच्या लेकाच्या बुटाची नाडी बांधणारा माणूस कदाचित गावचा नामांकित खेळाडू असेल, पण तो ते सांगणार नाही.

मंडळात आपण कसे शिरतो? मांडव घालायला हात लावून. इथेही तसंच आहे. वर्षभर नुसतं कडेला उभं राहून तुम्ही 'त्या भारतीय बाई' राहाल. दोन शनिवार शंकू उचललेत की तुमचं नाव त्यांच्या तोंडी बसेल. एका पावसाळी सकाळी आमच्या प्रशिक्षकाला नवीन खेळ सुचेना, तेव्हा मी भीत भीत विषामृत सुचवलं. शिवलं की विष, तिथेच गोठायचं. दुसऱ्याने येऊन शिवलं की अमृत, परत पळायचं. पाच मिनिटांत चिखलाने माखलेली तीस आयरिश पोरं "अम्रीत! अम्रीत!" म्हणून ओरडत होती. माझा मुलगा तेव्हा तिथे नव्हता, त्याची ती दोन वर्षं चालू होती, मी धाकटीला घेऊन गेले होते. पण संध्याकाळी त्याने तीन वेळा विचारलं, "ते अमृत म्हणाले? खरंच?" तुम्ही खो-खो खेळलेल्या. हुलकावणी, झटक्यात वळणं, खाली वाकून पळणं, हे सगळं तुमच्या अंगात आहे आणि नर्सरीला नेमकं तेच हवं असतं. नियमित शिकवायचं ठरवलंत तर पोलिसांकडून पडताळणी करून घ्यावी लागते आणि लहानसा अभ्यासक्रम असतो. ही पडताळणी मुलांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांना सक्तीची आहे, ते जाणून तुमचाही जीव भांड्यात पडेल.

भीतीबद्दल. 2025 च्या त्या उन्हाळ्यात मीही रात्री एकटी बसने यायचं टाळत होते. तुम्हाला काही होणार नाही असं सांगून तुमची समजूत काढणार नाही. पण माझा अनुभव असा, की अनोळखी माणसांची भीती घरात बसून वाढते आणि ओळखीची माणसं वाढली की उतरते. मैदानावर ज्या पन्नास घरांना तुमची मुलं नावाने माहीत होतील, ती पन्नास घरं दुकानात, बसथांब्यावर, रस्त्यावरही भेटणार आहेत. हल्ल्यांच्या बातम्या आल्या त्या आठवड्यात क्लबातल्या दोन आया काही न बोलता माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला ते पुरलं. क्लबात कुणी मुलाला रंगावरून बोललं तर गप्प बसू नका. प्रत्येक क्लबात मुलांसाठी नेमलेला अधिकारी असतो, त्याचं नाव आधीच विचारून ठेवा आणि झालेला प्रकार लिहून द्या. वर्णद्वेषी बोलण्याला संघटनेच्या नियमांत शिक्षा आहे.

आणि हे खेळ 'आपले नाहीत' म्हणता, तर शॉन ओग ओ हालपीनचं ऐका. जन्म फिजीतला, आई तिथली, बालपण सिडनीत. 1988 मध्ये कुटुंब आयर्लंडच्या कॉर्क परगण्यात आलं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. 2005 मध्ये कॉर्कचा कप्तान म्हणून त्याने हर्लिंगचा ऑल-आयर्लंड करंडक उचलला आणि भाषण केलं ते संपूर्ण आयरिशमध्ये. झॅक मोरादी इराकमधल्या कुर्दी कुटुंबातला, 2002 मध्ये लीट्रिम परगण्यात आला, 2019 मध्ये क्रोक पार्कवर लीट्रिमच्या हर्लिंग संघाकडून जिंकला. आणि ज्या देशात मालवणजवळच्या वराड गावच्या डॉक्टरचा मुलगा, लिओ वराडकर, पंतप्रधान झाला, तिथे तुमच्या लेकाने काठी हातात धरायला कुणाची परवानगी लागते?

मराठीचा वर्ग मात्र सोडू नका. वर्ग चालवणाऱ्यांशी बोला, तासभर पुढे ढकलता येतो का ते विचारा. ही अडचण तुमच्या एकटीची नसणार. तेही जमलं नाही तर एक शनिवार इकडे, एक तिकडे. क्लबात काही बिघडत नाही, नर्सरीत हजेरी लागत नाही. थोडी मोठी झाली की बहुतेक क्लबांत आठवड्यात एक संध्याकाळही असते. वर्षभराने एकच निवडायची वेळ आली तर मी त्या वयाला मैदान निवडेन आणि मुळाक्षरं घरी घेईन, रोज दहा मिनिटं, जेवणाआधी. तुम्हाला हे पटणार नाही कदाचित. इथल्या लोकांना मात्र घरची भाषा जपण्याची धडपड समजते, कारण त्यांची स्वतःची भाषा त्यांच्या हातून बरीचशी निसटली आहे. मी मुलांशी मैदानावर मराठीत बोलते, आजवर कुणी नाक मुरडलं नाही.

आणखी थोडं. दोन-तीन वेळा बघायला जाऊ देतात, पण नियमित जायचं ठरलं की जीएएच्या ॲपवर नोंदणी करा, दुखापतीची मदत नोंदणीवरच अवलंबून असते. तुम्ही शाकाहारी असाल तर सराव संपल्यावर वाटतात त्या जेलीच्या गोळ्यांबद्दल प्रशिक्षकाला आधीच सांगा, त्यांत बहुधा प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं. खिशात एक केळं किंवा शेंगदाण्याची चिक्की ठेवा, पण शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं मूल संघात नाही ना, हे विचारून. जास्तीचे मोजे, एक प्लॅस्टिकची पिशवी. जाड कोटापेक्षा दोन पातळ स्वेटर बरे, हात मोकळे राहतात.

धाकटीला न्या, जरूर न्या. नर्सरीत मुलं-मुली एकत्रच खेळतात, साडेचार वर्षांची चालते. कदाचित तीच आधी पळत सुटेल आणि भाऊ तिच्यामागे जाईल. तसं झालं तर "बघ, तुझी बहीणसुद्धा..." हे वाक्य ओठांवर येईल, ते गिळा. आणि तिची वेणी खाली, मानेजवळ घाला. वर बांधलेली शेंडी हेल्मेटमध्ये मावत नाही, आणि हेल्मेट टोचलं की मुली ते काढूनच टाकतात.